स्प्रे पायरोलिसिसच्या झिंक ऑक्साइड फिल्मवर पॉझिट्रॉन लाइफटाइम जमेल का?

रंकाळा_५११: कोल्हापुरात विद्यापीठाच्या लॅबमध्ये तापलेल्या काचेवर द्रावण फवारून (स्प्रे पायरोलिसिस) झिंक ऑक्साइडच्या फिल्म करतोय. जाडी सुमारे ५०० नॅनोमीटर, साधी सोडा-लाइम काच, ४५० अंश तापमान. फोटोल्युमिनेसन्समध्ये (प्रकाश टाकल्यावर फिल्म जो प्रकाश देते त्यात) हिरवा पट्टा येतो, तो ऑक्सिजन व्हेकन्सीमुळेच (स्फटिकातली ऑक्सिजन अणूची रिकामी जागा) येतो हे पॉझिट्रॉनने (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) दाखवायचंय. एका लॅबमध्ये पॉझिट्रॉन सोडणारा सोडियम-२२ चा सोर्स आणि लाइफटाइम (पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटून नष्ट होईपर्यंतचा वेळ) मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे. दोन फिल्म समोरासमोर ठेवून मध्ये सोर्स ठेवला तर चालेल ना?

टंगस्टनवाला: नाही चालणार भावा, काचेचा लाइफटाइम मोजून परत येशील. सोडियम-२२ चे पॉझिट्रॉन ५४५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या सगळ्या ऊर्जांचे असतात. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर ते सरासरी ४०-४५ मायक्रॉन आत जातात. तुझी फिल्म अर्धा मायक्रॉन. म्हणजे शंभरातला एखादाच फिल्ममध्ये थांबणार, बाकीचे काचेत. सोर्स ज्यात गुंडाळतात त्या कॅप्टॉन (पॉलिमर) फॉइलमध्येच त्याहून जास्त मरतात.

तुला मंद पॉझिट्रॉनचा बीम लागेल. त्यात टंगस्टनच्या मॉडरेटरमधून (पॉझिट्रॉनचा वेग कमी करणारा पत्रा) सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्टचे पॉझिट्रॉन बाहेर पडतात (दहा हजारांत एखादाच, म्हणून बीम कायम अशक्त) आणि मग हव्या त्या ऊर्जेला नेता येतात. सरासरी खोली नॅनोमीटरमध्ये काढायची तर ४० ला घनतेने भागायचं आणि किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमधल्या ऊर्जेच्या १.६ व्या घाताने गुणायचं. तुझ्या फिल्मला ३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर सुमारे ४० नॅनोमीटर, ५ वर ९५, ८ वर २००, १० वर २८५, १५ वर ५४५. पण ही सरासरी आहे, पसारा मोठा असतो. १० वरसुद्धा आठ-नऊ टक्के काचेत उतरतात. ३ च्या खाली बरेच पॉझिट्रॉन पसरत पृष्ठभागावर परत येतात. म्हणजे तुझ्या कामाचा पट्टा ३ ते ८. स्प्रेची फिल्म सच्छिद्र असते, खरी घनता कमी निघाली तर सगळ्या खोल्या वाढतील. आधी घनता मोज.

व्हेकन्सी_विचारा: बीमच्या आधी मूळ प्रश्नच दुरुस्त करायला हवा. पॉझिट्रॉन धन प्रभाराचा, त्याला ऋण किंवा उदासीन आणि पुरेशी मोकळी जागा असलेला दोष पकडतो. झिंक ऑक्साइडमध्ये ते काम झिंक व्हेकन्सी करते: निर्दोष स्फटिकात लाइफटाइम सुमारे १७० पिकोसेकंद, झिंक व्हेकन्सीत सुमारे २३०. ऑक्सिजन व्हेकन्सीची जागा लहान, आणि ती धन असेल तर पॉझिट्रॉनला ढकलूनच देते. म्हणजे सिग्नल आला तरी तो 'ऑक्सिजन व्हेकन्सी' म्हणून छापू नका. हिरव्या पट्ट्याचं कारण तर अजून वादातच आहे.

डॉप्लर_दादा: बीमवर बहुधा लाइफटाइम नाही, डॉप्लर ब्रॉडनिंगच (पॉझिट्रॉन नष्ट होताना निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेचा पसारा मोजणं) होईल. ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा शिखराचा मधला भाग म्हणजे एस, दोन्ही बाजूंच्या कडा म्हणजे डब्ल्यू. फरक काही टक्क्यांचाच असतो, म्हणून प्रत्येक ऊर्जेला शिखरात किमान पाच लाख काउंट घ्या. डिटेक्टरचा गेन सरकला तर एस खोटाच बदलतो. शिखराचं केंद्र दर स्पेक्ट्रमला तपासा, एस आणि डब्ल्यू मोजायच्या खिडक्या मात्र सगळ्यांना सारख्याच ठेवा.

सोबत त्याच पाकिटातली कोरी काच आणि एक झिंक ऑक्साइडचा स्फटिक न्या. हे दोन नसतील तर एसचा आकडा कशाशी ताडणार? एस-डब्ल्यू आलेखात फिल्मचे बिंदू एका सरळ रेषेत पडले तर दोषाचा प्रकार एकच धरता येतो, वाकले तर दुसरं काहीतरी मिसळलंय, बहुतेक वेळा काच.

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत या फिल्म पाणी धरतात, आणि कमी ऊर्जेचे बिंदू पृष्ठभागावर काय चिकटलंय त्यावर हलतात. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा, तुकडे सेंटिमीटरभर चौरस कापा. मंद पॉझिट्रॉनचे बीम कल्पाक्कमला आयजीसीएआरमध्ये (इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र) आणि मुंबईत ट्रॉम्बेला बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहेत. प्रस्तावात जाडी, घनता आणि एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) जोडलेलं असू दे.

रंकाळा_५११: समजलं. तोपर्यंत त्याच द्रावणाची पावडर करून, दाबून पेलेट केली तर लाइफटाइम मिळेल का?

टंगस्टनवाला: मिळेल, पण फिल्मचा नव्हे. दोन पेलेट, प्रत्येकी मिलिमीटरभर जाड. तेवढ्यात पॉझिट्रॉन अडतात. नॅनोपावडर असेल तर कणांमधल्या फटीत पॉझिट्रोनियम (पॉझिट्रॉन-इलेक्ट्रॉनची जोडी) तयार होऊन नॅनोसेकंदांचा लांब घटक येतो, त्याला व्हेकन्सी समजू नकोस. कॅप्टॉनचा सुमारे ३८० पिकोसेकंदांचा घटक आधी वजा कर, नाहीतर तो घटकही तुझ्या दोषांच्या खात्यात जाईल. आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारल्याशिवाय सोर्सला हात लावू नकोस: ७.५ मायक्रॉनची फॉइल नखानेही फाटते.