मरळ वेगळी, मांगूर वेगळा

"मरळही शिकारी मासाच, मग तळ्यात आफ्रिकन मांगूर सोडला तर बिघडलं कुठे?" हा तुमचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. मरळ इथलीच. तिच्यापासून कुठे दडायचं हे इथल्या माशांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आफ्रिकन मांगूर मात्र उपरा. रात्री तळ चाचपत फिरतो, मिशांनी भक्ष्य हुडकतो. अंडी, पिल्लं, बेडूक, मेलेलं जनावर, काही म्हणून सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाझर तलावात हातभर लांबीचा एक गळाला लागला. पोट फाडलं तर आत कटला माशाची आठ बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दोन तर अजून चकचकीत. ते मत्स्यबीज आम्हीच वर्गणी काढून सोडलं होतं. फार वाईट वाटलं.

बरं, तो तळ्यातच राहील असंही नाही. हवेतून श्वास घेतो, सांडव्याच्या ओल्या जमिनीवरून सरपटतो, मग ओढा, मग नदी. २००० साली देशात त्याच्यावर बंदी आली, २०१९ मध्ये हरित लवादानेही साठे नष्ट करायला सांगितले, तरी चोरून पाळला जातोच. "झटपट वाढतो" म्हणून कुणी बीज आणून दिलं तर कृपा करून तळ्यात सोडू नका. एकदा सुटला की कितीही जाळी टाका, संपत नाही.