अनुभव धागा: परदेशातल्या इस्पितळात त्वचा दाखवायला गेलात का कधी?

निशिगंधा:
काल भाच्याचा ओसाकाहून फोन. पहिलीच थंडी, कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे खाज. "मावशी, तू दाखवलं होतंस ना इकडे?" दाखवलं होतं की! तेव्हा आम्ही नागोयात होतो. सगळं डोळ्यापुढे आलं.

त्याला म्हटलं, आधी गल्लीतल्या हिफुकात, म्हणजे त्वचेच्या दवाखान्यात जा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या इस्पितळात गेलास तर वरचे पैसे पडतात. ऑक्टोबर २०२२ पासून ते किमान ७,००० येन आहेत, आणि विम्यात बसत नाहीत. एरवी बिलाचे ३० टक्के आपले, बाकी विमा भरतो.

मला गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनीच पुढे पाठवलं. तिथे फॉर्मवर माणसाची आकृती होती, खाजतं तिथे रंगवायचं. मी पुढून-मागून रंगवत सुटले, नर्स हसायला लागली. डॉक्टरांनी दोन मिनिटांत उरकलं, पण मलम कसं लावायचं ते नर्सने निवांत शिकवलं. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर रेघ काढायची, तेवढं दोन तळव्यांएवढ्या जागेला. चोळायचं नाही, नुसतं पसरायचं. वर टिश्यू ठेवला तर चिकटला पाहिजे! आपण ट्यूब पुरवून पुरवून वापरणारी माणसं, मला तर उधळपट्टीच वाटली.

टवाळ_नगरकर:
बेलण्याने ट्यूब लाटणारे हात वर करा.

पोळपाट:
मी. नंतर कात्रीने कापून पण.

इसारकाठी:
म्युनिक. सरकारी विमा म्हटलं की तारीख महिन्यांनंतरची. फोनवर पहिला प्रश्न, खाजगी की सरकारी? फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घेताना तिच्यावर तातडीचा कोड मागून घ्या आणि ११६११७ या नंबरला फोन लावा, तिथून डॉक्टरची तारीख लावून देतात. तारीख लवकर मिळते, डॉक्टर मात्र ते देतील तो. मला गावाबाहेरचा मिळाला, ट्राम, मग बस, मग चिखल.
पस्तिशीनंतर दर दोन वर्षांनी त्वचेच्या कर्करोगाची तपासणी सरकारी विम्यात होते, ती सोडू नका. एकेक तीळ भिंगातून बघतात. कपडे काढा म्हणतात आणि पडदाबिडदा काही नाही, लाज घरी ठेवून जा.

सईची_आई:
लीड्स. इथे इंग्लंडात आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, त्याने फोटो मागवले. लेकीच्या पाठीवर पुरळ, फोटोत काही दिसेचना. ते लाल शोधत होते आणि आपल्या रंगावर ते जांभळट-करडं दिसतं. शेवटी प्रत्यक्ष बोलावलं. डॉक्टरीण चांगली होती, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितलं, हात फिरवला, "खरखरीत आहे" म्हणाली. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने २०२० मध्ये सावळ्या-काळ्या त्वचेवर लक्षणं कशी दिसतात याची पुस्तिकाच काढली, शिक्षकांना बरोबर घेऊन. विद्यार्थ्याला काढावी लागली, बघा!
कुकर झाला, येते.

निशिगंधा:
@सईची_आई अगदी! मला पण "लाल आहे का?" विचारायचे. मी म्हणायचे, काळं पडलंय.

कोथरूडचे_आजोबा:
कैलास जीवन लावा. आमच्या घरी भाजलं, कापलं, खाजलं, सगळ्याला तेच. थंडीत आंघोळीआधी खोबरेल. परदेशात जायची गरज नाही.

टवाळ_नगरकर:
आजोबा, ते आधीच गेलेत.

डॉ_घाईत:
ओपीडी चालू आहे, पटकन लिहिते. खोबरेलाला हरकत नाही. पण इथून जाताना मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" बॅगेत टाकून नेऊ नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. गजकर्णावर लावलं की आधी बरं वाटतं, मग ते पसरतं आणि रूपही बदलतं, तिकडच्या डॉक्टरला ओळखू येत नाही. लावलीच असेल तर ट्यूब बरोबर न्या. उलट डॉक्टरने एक्झिमाला दिलेलं स्टिरॉइड घाबरून अर्ध्यात सोडू नका.

पोळपाट:
@डॉ_घाईत माझ्या नवऱ्याला वाचायला दिलं. ट्यूब लपवली त्याने.

निशिगंधा:
राहिलंच. जपानात औषधाची चिठ्ठी दिल्या दिवसापासून चारच दिवस चालते, त्यात रविवारही धरतात. बाहेरच्या फार्मसीत लगेच जायचं. तिथे ओकुसुरी तेचो मागून घ्या, छोटी वही असते, प्रत्येक औषधाचं लेबल तीत चिकटवतात. पुढच्या डॉक्टरपुढे ती ठेवली की निम्मं बोलणं वाचतं.

इसारकाठी:
भाच्याला म्हणावं, कढत पाण्याच्या आंघोळी बंद कर.

निशिगंधा:
सांगितलं. तो म्हणे, मग थंडीत जगायचं कसं?

पोळपाट:
अवांतर, ओसाकात गवार मिळते का? आमचे जुलैत चाललेत.

निशिगंधा:
नागोयात तरी फ्रोझनच मिळायची. त्याला विचारून सांगते.