घरची बिअर: ३०० डॉलरमध्ये आधी काय घ्यावं?

गव्हाळ_टेक्सास
ऑस्टिनला अपार्टमेंटमध्ये ५ गॅलनची (१९ लिटर) बॅच करतो. मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याचा तयार अर्क), इलेक्ट्रिक शेगडीवर ३ गॅलन उकळतो, वरून नळाचं पाणी. प्लास्टिकची बकेट, यूएस-०५ यीस्ट (कोरडं एल यीस्ट), एसी २५ वर. पेल एलला (फिक्या रंगाची बिअर) दारूचा उग्र भपका येतो, शेवटी बँडएडसारखी औषधी चव. आयपीए (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) महिन्याभरात तपकिरी पडते. १० गॅलनचं भांडं घेऊन अर्क सोडून थेट धान्यापासून बिअर करावी म्हणतोय. बरोबर आहे का?

यीस्टोबा
भांडं शेवटी. या तक्रारी भांड्याने सुटणाऱ्या नाहीत. खोली २५ असली तरी यीस्ट जोरात असताना बकेटच्या आत २८-२९ होतं, भपका तिथलाच. सेकंडहँड फ्रीज आणि दोन प्लगचा तापमान कंट्रोलर घ्या, एका प्लगला फ्रीज, दुसऱ्याला हीट बेल्ट (बकेटला गुंडाळायचा गरम पट्टा). सेन्सर हवेत लोंबकळू देऊ नका, नाहीतर फ्रीज सतत चालू-बंद होतो आणि आतली बिअर गरमच राहते. बकेटच्या बाहेरून, बिअरच्या पातळीच्या खाली चिकटवा, वर फोमचा तुकडा. १८ अंश, फरक अर्धा अंश, कॉम्प्रेसर डिले (बंद झाल्यावर पुन्हा चालू होण्याआधीची थांब) ५ मिनिटं. पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे. बुडबुडे मंदावले की २०-२१ वर न्या, म्हणजे यीस्ट डायअसिटिल (लोण्यासारखी चव देणारं द्रव्य) साफ करतं. यीस्ट टाकतानाच वर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी) १८ ला हवं. गरम वर्टमध्ये टाकून मग फ्रीज लावलात तर फायदा निम्मा गेला.

पाणीवाला
बँडएड म्हणजे बहुतेक क्लोरोफिनॉल, पाण्यातल्या क्लोरीनमुळे बिअरमध्ये तयार होणारं द्रव्य. ऑस्टिनच्या नळाला क्लोरामाइन (क्लोरीनचं टिकाऊ रूप) असतं. ते रात्रभर भांडं उघडं ठेवून जात नाही. कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी २० गॅलनला पुरते, तुम्हाला अर्धी भरपूर. कुटून सगळ्या पाण्यात ढवळा, वरून घालायच्या पाण्यातसुद्धा. काही मिनिटांत काम होतं. या धाग्यातली सगळ्यात स्वस्त खरेदी हीच. तरीही चव राहिली तर बकेटची तोटी पूर्ण उघडून धुवा. आटे आणि वॉशरमध्ये रानटी यीस्ट बसतं.

हॉप्सवेडी
तपकिरी आयपीए हा ऑक्सिजनचा प्रताप. आंबवताना बिअर दुसऱ्या बकेटमध्ये ओतून घेत असाल तर आधी ते बंद करा. खरा उपाय केग (बिअरचा बंद धातूचा पिंप): आधी सॅनिटायझरने काठोकाठ भरायचा, कार्बन डायऑक्साइडने ढकलून रिकामा करायचा, मग बंद नळीने बिअर आत. पण केग, सिलिंडर, रेग्युलेटर धरले तर फ्रीजसोबत ३०० त बसवणं कठीण. तोवर बॉटलिंग वाँडने (टोकाला झडप असलेली नळी) बाटल्या तळापासून भरा, वर बोटभरच जागा ठेवा, आणि बाटलीत फेस येण्यासाठीची साखर चमच्याने नको, वजनाने: १९ लिटरला कॉर्न शुगर साधारण ११५ ग्रॅम.

गव्हाळ_टेक्सास
म्हणजे फ्रीज, कंट्रोलर, गोळ्या. चेस्ट फ्रीझर स्वस्त मिळतोय, चालेल?

यीस्टोबा
चालेल, पण कॉम्प्रेसरचा उंचवटा सोडून आतली जागा टेपने मोजा, एअरलॉकची (झाकणावरची वायू बाहेर सोडणारी झडप) उंची धरून. डिले १० मिनिटं ठेवा. आत ओल साचते, बुरशी धरते. ओल शोषणारा डबा ठेवा. भरलेली बकेट २० किलोच्या वर जाते आणि ती वरून उचलावी लागते, म्हणून कंबरेचा विचार करता उभा फ्रीज बरा.

हॉप्सवेडी
आणि ते १० गॅलनचं भांडं: पूर्ण बॅचला २५ लिटर उकळायला लागतं, घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर त्याला नीट उकळी फुटणं अवघड. मग प्रोपेन बर्नर, जो बाल्कनीत बहुतेक अपार्टमेंटवाले लावू देत नाहीत, शिवाय वर्ट गार करायला तांब्याचा कूलिंग कॉइल. धान्यच हवं असेल तर आहे त्या भांड्यात अडीच गॅलनची बॅच, धान्य जाळीच्या पिशवीत घालून.