'ज्याचा दावा आधीचा, तो जिंकतो' हे पुरतं खरं नाही

एकाच मालमत्तेवरचे दोन्ही दावे इक्विटीतले (म्हणजे इंग्रजी कायद्यात पूर्ण कायदेशीर मालकी नसली तरी कोर्ट न्यायबुद्धीने मानतं असे हक्क) असले की तारीख बघायची आणि मोकळं व्हायचं, असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. राइस विरुद्ध राइस या १८५० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या खटल्यात न्या. किंडर्सली यांनी नेमकं उलट सांगितलं: तारीख हा शेवटचा उपाय, बाकी सगळ्या बाबतींत दोघं समान ठरले तरच.

मालमत्ता लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याची होती. विक्रेत्यांनी ती खरेदीदाराच्या नावे करून दिली, दस्तावर पूर्ण रक्कम मिळाल्याची पावतीही लिहून दिली. प्रत्यक्षात त्यांच्यातल्या काहींचे पैसे थोड्या दिवसांच्या वायद्यावर राहिले होते. खरेदीदाराने तीच कागदपत्रं एका सावकाराकडे ठेवून कर्ज उचललं आणि पसार झाला. थकलेल्या रकमेसाठी विक्रेत्यांचा बोजा, म्हणजे मालमत्तेवरचा हक्क, आधीचा; सावकाराचं गहाण नंतरचं; दोन्ही दावे इक्विटीतलेच. तरीही सावकार जिंकला. मूळ दस्त आणि पावती हातात असताना त्याने आणखी कोणती चौकशी करायची होती? फसवणुकीचं ते साधन विक्रेत्यांनीच खरेदीदाराच्या हाती दिलं होतं. बुडालेल्या विक्रेत्यांबद्दल वाईट वाटतं, पण निकाल मला योग्यच वाटतो.

एक भर: नुसती कागदपत्रं ठेवून गहाण करण्याची ही रीत इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यानंतर संपली, कारण आता दोन्ही पक्षांच्या सहीचा लेखी करार लागतो. आपल्याकडे मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(फ) मुळे मुंबईत गृहकर्जासाठी ती आजही रोज वापरली जाते.