मदत हवी आहे: मोगरा कळ्यांनी लगडलाय, पण नवी पानं पिवळी

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा ऐन बहरात आहे, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडताहेत. शिरा मात्र हिरव्यागार. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी झाली असती, म्हणून मला लोहाची कमतरता वाटते. पाणी बोअरचं, जड. बादलीला पांढरा थर धरतो. त्यानं मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) वाढून मुळांना लोह मिळत नसेल का? कुंडीचं भोक मोकळं आहे, मातीला कुबट वास नाही, पानांमागे लाल कोळी ही बारीक कीडही दिसली नाही.

चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) आत्ता फवारलं तर कळ्या गळतील का, की मातीतूनच द्यावं? किती प्रमाणात? कुंडी बदलून एवढा सुंदर बहर घालवायचा नाही. जड पाण्यावर मोगरा जोपासणाऱ्यांनी कृपया सांगा.