चिऱ्याच्या भिंतीवर निनावी कविता: रंग, अक्षर, परवानगी?

खाडीकाठ:
रत्नागिरीजवळ खाडीलगतच्या रस्त्याला चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत आहे, गिलावा नाही. मालक तयार आहेत. स्वतःच्या आठ ओळी, नाव न घालता लिहायच्या आहेत. २० फुटांवरून वाचता याव्यात. ऑइल पेंट घेऊ का? स्टेन्सिल चालेल?

रंगारी:
ऑइल पेंट अजिबात नको. जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि नंतर कित्येक आठवडे ते बाहेर सोडत राहतो. वर ऑइल पेंटचा थर असला की ओल अडते, फोड येतात, मागून खार फुलतो आणि अक्षरं खपल्यांसारखी सुटतात.

चुनाच लावा. भिंत काथ्याच्या ब्रशने घासा. तारेच्या ब्रशने चिऱ्याची वरची टणक साल जाते. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवा. तो उकळतो, म्हणून प्लास्टिकची बादली नको आणि डोळे जपा. सकाळी फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ करा. भिंतीवर पाणी मारून तीन पातळ हात द्या, मध्ये एकेक दिवस सोडून. कोरड्या चिऱ्यावर चुना झटकन सुकतो आणि मग बोटाला लागतो. एकच जाड हात दिलात तर भेगा ठरलेल्या.

आठवडाभराने बोट फिरवून बघा. पांढरं लागलं नाही तरच लिहायला घ्या. अक्षरांना बाहेरच्या भिंतीचं काळं इमल्शन. रेघा बारीक असतात, त्यामुळे ओल बाजूने निघून जाते. काम जानेवारी ते मार्च, तेही दव सुकल्यावर.

अक्षरवेडा:
१० फुटांना १ इंच हा पाट्या रंगवणाऱ्यांचा हिशेब रोमन अक्षरांना पुरतो. देवनागरीत अनुस्वार, रफार वाचले गेले पाहिजेत, म्हणून तुमच्या अंतराला ३ इंच धरा. दोन शिरोरेषांत ७ इंच सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेषा निळीच्या सुताने मारा, ब्रश अर्धा इंची चपटा.

खडबडीत चिऱ्यावर स्टेन्सिल टेकत नाही, रंग खालून पसरतो. गिलाव्यावर जमेल. तिथे स्टेन्सिलला जुनी एक्स-रे फिल्म घ्या. शिरोरेषा कापू नका, सलग चिरेने फिल्म लोंबते. ती शेवटी ब्रशने ओढा. 'व', 'ब', 'ष' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला दोन्हीकडून पूल ठेवा. स्पंज जवळजवळ कोरडा हवा.

आणि आठ ओळी? मेक्सिकोतल्या मोंटेरेत १९९६ मध्ये सुरू झालेली 'आक्सिओन पोएतिका' ही चळवळ पांढऱ्या भिंतीवर काळ्या अक्षरांत मोजकेच शब्द लिहिते. नेदरलँड्सच्या लायडनमध्ये १९९२ पासून घरांच्या भिंतींवर अख्ख्या कविता रंगवल्यात, पण तिथे माणूस पायी येतो आणि थांबतो. तुमच्या रस्त्यावर दुचाकीवाला वाचणार. दोनच ओळी ठेवा, त्या मनात राहतील.

सडेकर:
मालकांची परवानगी लेखी घ्या, ग्रामपंचायतीचं पत्रही घ्या. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. नाव भिंतीवर नसलं तरी अर्जावर लागेलच.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या कातळावर मात्र खडूचीसुद्धा रेघ नको. बारसू, उक्षी, कशेळीसारख्या गावांतली कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत आणि मातीखाली अजून काय दडलंय ते वरून दिसत नाही. रंग जांभ्याच्या भोकांत शिरला की निघत नाही. किल्ल्यांच्या तटालाही हात लावू नका.

खाडीकाठ:
दोन ओळी पक्क्या. पावसाळ्यात प्लास्टिकने झाकू का?

रंगारी:
नको. आत ओल कोंडते, शेवाळ दुप्पट धरतं. भिंतीच्या माथ्यावर पुढे दोन इंच येईल अशी कौलांची ओळ बसवा, म्हणजे पागोळ्या अक्षरांवरून वाहणार नाहीत. नैऋत्येची झड थेट लागत असेल तर जानेवारीत चुन्याचा एक हात आणि अक्षरं पुन्हा, हे दरवर्षी धरून चला.