पडद्यावरची राणी बघताना तुमच्या घरात कोण काय बोललं?

वेल्सची_चिमणी
लेक सध्या 'द क्राउन' बघतेय, ब्रिटनच्या राणी एलिझाबेथवरची नेटफ्लिक्सची मालिका. आज तिसऱ्या सीझनवर पोचली. मी आत कणीक मळत होते, हॉलमधून तो घसरण्याचा आवाज आला आणि हात थांबलेच. अ‍ॅबरफानचा भाग.

आम्ही वेल्समध्ये मर्थरजवळ राहतो, अ‍ॅबरफान गाव इथून दहा मिनिटांवर. 21 ऑक्टोबर 1966, सकाळी सव्वानऊ. डोंगरावर रचलेला कोळसाखाणीच्या टाकाऊ मातीचा ढीग खाली आला तो थेट शाळेवर. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं. राणी आली आठ दिवसांनी.

2019 ला हा भाग आला तेव्हा शेजारच्या आजी आमच्याकडे बसल्या होत्या. मीच हौसेने बोलावलेलं, चहा-चिवडा करून. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय! मालिकेत राणी कोरडेच डोळे रुमालाने टिपते आणि नंतर पंतप्रधानांजवळ तसं कबूल करते. आजींनी कप खाली ठेवला. "रडली ती. मी होते तिथे." मग बऱ्याच वेळाने, "उशिरा आली याचा राग मला अजून आहे. पण खोटं नाही रडली. नंतर तीनदा आली, तेव्हा कुठे होते हे कॅमेरेवाले?"

आजी राजघराण्याच्या भक्त वगैरे मुळीच नाहीत. 2023 च्या राज्याभिषेकाला सगळी गल्ली टीव्हीसमोर, आणि या पावसात बटाटे लावत होत्या.

उद्या 21 तारीख, म्हणून डोक्यातून जात नाहीये. तुमच्यासमोर कुणी असं बोललंय का? लिहा.

पेठेतला
कसली राणी न कसली मालिका. आमच्याकडे प्रतिक्रिया द्यायची पद्धत वेगळी होती. 1896 साली मुंबईत व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं आणि खेटरांची माळ घातली, ती दामोदर चापेकरांनी. तुरुंगात लिहिलेल्या हकिगतीत त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. पुढच्याच वर्षी राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीत रँड. '22 जून 1897' हा सिनेमा टीव्हीवर लागला की आमचे अण्णा जेवणाचं ताट घेऊन समोर बसायचे, "गोंद्या आला रे" ला घास हातातच.

सुगरण_नाही_मी
तो पुतळा आता राणीच्या बागेत आहे ना? भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात? मी पोराला पेंग्विन दाखवायला नेलं होतं तेव्हा पाहिला. पोरगा म्हणाला ही आजी कोण, मी म्हटलं बागेची मालकीण 😄

मंदा_काकू
डायना. बास. अजून लिहू का?

मंदा_काकू
लिहितेच, कुकर व्हायचाय. 6 सप्टेंबर 1997, गणपतीचे दिवस. घरात पाहुणे, पुरणाचा घाट, आणि दुपारी साडेतीनला सगळ्या बायका टीव्हीपुढे. शवपेटीवर त्या लहानग्याने लिहिलेलं 'ममी'चं पाकीट दिसलं आणि माझ्या सासूबाई घळाघळा रडल्या. म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या घरात पोरीला विचारणारं कुणी नव्हतं." मी पुरण वाटत होते. सासूबाईंना म्हणावंसं वाटलं, आपल्याकडे तरी कोण विचारतंय. नाही म्हटलं.

नंतर मालिकेत तिचं भूत येऊन चार्ल्सशी गप्पा मारतं ते बघायला त्या नव्हत्या हे बरंच झालं. टीव्ही फोडला असता.

आगाऊ_कार्टं
काकू 🙏 पण सासू बरी होती हो डायनाची, नवरा...

मंदा_काकू
तू गप्प बस. लग्न झालंय का तुझं?

लेस्टरचा_भाऊ
इथल्या ऑफिसात 2022 च्या ऑक्टोबरात नुसता धुरळा. नटी ज्युडी डेंचबाईंनी पेपरात पत्र लिहिलं की 'द क्राउन'च्या प्रत्येक भागाआधी 'हे काल्पनिक आहे' अशी पाटी लावा. बाई स्वतः सिनेमात दोनदा व्हिक्टोरिया झालेल्या, म्हणजे पगार खाऊन झाल्यावर उपास! शेवटी नेटफ्लिक्सने ट्रेलरखाली एक ओळ टाकली. माझा मॅनेजर पक्का राजेशाहीविरोधी, एरवी राजाला करातून पैसे कशाला म्हणून भांडणारा. तो म्हणे, पाटी हवीच. का, तर त्याची मुलगी इतिहासाच्या परीक्षेत मालिकेतली वाक्यं लिहून आली. मी म्हटलं साहेब, आमच्याकडे ऐतिहासिक सिनेमाच्या पाटीला दहा मिनिटं लागतात, तरी वाद व्हायचा तो होतोच.

आगाऊ_कार्टं
मला तो फेगन आवडतो. 1982, भिंत चढून थेट राणीच्या बेडरूममध्ये. मालिकेत दोघं निवांत बेरोजगारीवर चर्चा करतात. तो खरा माणूस म्हणतो, छे, असं काही बोलणंच झालं नाही. आमच्या सोसायटीत तर रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय सख्ख्या मामाला सोडत नाहीत

नाखवा
8 सप्टेंबर 22 आठवतं का? दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री अकराला बातमी आली तेव्हा आम्ही गिरगावात ट्रॉलीला लायटिंग करत होतो. एक जण म्हणाला "राणी गेली", दुसरा विचारतोय "कुठली, राणीच्या बागेतली?"

लेस्टरचा_भाऊ
@नाखवा इकडे आमच्या मंडळात त्यावरून भांडण. विसर्जनाला ढोल वाजवायचा की नाही. अर्धे म्हणाले शेजारी दुःखात आहेत, अर्धे म्हणाले दीडशे वर्षं लुटलं त्यांच्यासाठी आपण का गप्प बसायचं. शेवटी टाळ वाजवले. ताशेवाला पोरगा इथलाच जन्मलेला, तो मात्र रुसून गाडीत बसला. कुणाच्या बाजूने रुसला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

जुनं_ते_सोनं
माझ्या आजीकडे पाच राणीछाप रुपये होते, हळदीकुंकवाच्या डब्यात. ती म्हणायची, "ही बाई म्हातारीच होत नाही." खरंच आहे. विलायतेतल्या नाण्यांवर पुढे व्हिक्टोरियाचा म्हातारा चेहरा आला, आपल्या रुपयावर मात्र 1862 पासून 1901 पर्यंत तीच मुकुटवाली तरुण मुलगी. नुसतं 'क्वीन'चं 'एम्प्रेस' झालं. आजीचे केस पांढरे झाले आणि डब्यातली तशीच. मला ती पहिली मालिका वाटते, सीझन बदलले पण नटी नाही बदलली. पाचातले दोन धाकट्या काकांनी विकले, तो वेगळा धागा होईल.

सुगरण_नाही_मी
काढाच तो धागा!

पेठेतला
चांदी होती हो त्यात. वजन किती, एक तोळा. काकांना भाव काय मिळाला?

जुनं_ते_सोनं
भाव विचारू नका, भाऊबंदकी आठवते.

मंदा_काकू
चिमणे, तुझ्या आजींचं मनात राहिलंय गं. पुढे काय झालं? येतात अजून तुझ्याकडे?

वेल्सची_चिमणी
येतात की काकू. त्या दिवशी मला वाटलं आता बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी डबाभर वेल्श केक घेऊन दारात. मालिकेबद्दल अक्षर नाही, मीही विचारलं नाही. त्यांचं तिथे नेमकं कोण होतं हे मला अजून माहीत नाही.

सुगरण_नाही_मी
वेल्श केक म्हणजे ओव्हन लागेल का? माझा बिघडलाय

वेल्सची_चिमणी
नाही गं, तव्यावर होतात. मैदा, लोणी, साखर, मनुका, थोडं जायफळ. जाड लाटून वाटीने कापायचे. नेमकं प्रमाण आजींना विचारून सकाळी टाकते.

आगाऊ_कार्टं
गोड दशमी झाली की ही

मंदा_काकू
दशमीत लोणी कोण घालतं? अर्धवट.

वेल्सची_चिमणी
सकाळ झाली. प्रमाण आज नाही मिळणार. आजी आठलाच फुलं घेऊन वर दफनभूमीकडे गेल्यात, पाऊस आहे तरी. येताना त्यांना आणायला जाणार आहे.

सुगरण_नाही_मी
अगं राहू दे, राहू दे. घाई नाही. छत्री ने.